तिचं खरं रूप निळं आहे

माझ्या चित्रकलेच्या वर्गात खडूंवरून भांडणं होतात ती बहुतेक एकाच खडूवरून. "बाई, हिला सांगा ना, स्किन कलर देतच नाही." फिकट गुलाबी, थोडा पिवळट असा तो खडू. पेटीतले बाकीचे खडू अर्धे शिल्लक असतात तेव्हा हा नखाएवढा उरलेला असतो. वर्गात बावीस मुलं आहेत आणि त्या रंगाचं एकही नाही. गेल्या वर्षी 'माझी आई' काढायला सांगितलं, तेव्हा एका मुलीने आईच्या साडीचे काठ इतके निगुतीने भरले होते की मी बघत राहिले. चेहरा मात्र स्किन कलरचा. तिची आई रोज तिला सोडायला येते. चांगली गडद सावळी, तजेलदार बाई. मी विचारलं, "आई अशी दिसते का गं?" ती म्हणाली, "नाही, पण चित्रात असंच काढतात."

हे उत्तर काही केल्या डोक्यातून जात नाही. आणि ते आठवलं की मला हटकून मिस्टीक आठवते.

'एक्स-मेन' या अद्भुत शक्ती असलेल्या नायकांच्या टोळीचे चित्रपट पाहिलेल्यांना ती ठाऊक असेल. मार्व्हलच्या कॉमिक्समधली ही खलनायिका 1978 साली 'मिस मार्व्हल' या मालिकेत अवतरली. लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट, आणि तिचं रूप घडवलं ते डेव्ह कॉक्रम या चित्रकाराने. ती कुणाचंही रूप घेऊ शकते. बाईचं, पुरुषाचं, लहान मुलाचं, सेनेटरचं. आवाजासकट, बोटांच्या ठशांसकट. रेव्हन डार्कहोम या नावाने ती अमेरिकेच्या संरक्षण खात्यात नोकरी करते आणि कुणाला पत्ता लागत नाही. दार लावून एकटी झाली की मात्र ती आपल्या मूळ रूपात येते. निळी कातडी, पिवळे डोळे, लालभडक केस.

मिस्टीकच्या दिसण्याबद्दल जेवढं बोललं जातं ते बहुतेक तिच्या अंगाबद्दल असतं. बांधा, उघडं अंग, कोणती नटी जास्त शोभली. मला त्या बोलण्याचा राग येतो, कारण त्यात तिच्यातली खरी देखणी गोष्ट हरवून जाते. जगातलं कुठलंही रूप जिला मनात आणताच मिळतं, ती बाई कुणी बघत नसताना निळी होते. तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं ते या परत येण्यामुळे. तिला काढणाऱ्यांनी आणि पडद्यावर आणणाऱ्यांनी हे जेव्हा जेव्हा ओळखलं तेव्हा ती विलक्षण दिसली. जेव्हा तिला चारचौघींसारखी सुंदर करायला गेले, तेव्हा ती हातची गेली.

आधी रंगाचं बोलू, कारण रंग हा माझा विषय आहे आणि तिची सुरुवातही तिथूनच होते. त्या काळची अमेरिकन कॉमिक्स स्वस्त, पिवळट कागदावर चार शायांत छापली जायची. सायन, मॅजेन्टा, पिवळी आणि काळी. रंगवणाऱ्याच्या हाती रंग मोजके. काळी सोडून तीन शाया, प्रत्येकीच्या चार पायऱ्या – अजिबात नाही, पाव, अर्धी आणि पूर्ण – म्हणजे सगळे मिळून चौसष्ट. त्या चौसष्टांत गोऱ्या माणसाच्या कातडीचा रंग ठरलेला होता. मॅजेन्टा आणि पिवळ्या शाईचे हलके ठिपके. भिंग लावून पाहिलं तर तो रंग विरघळतो आणि खाली नुसते विरळ ठिपके उरतात, मधून कागद दिसतो. म्हणजे पेटीतला तो खडू तिथेही होताच. तिथेही कुणीतरी ठरवून ठेवलं होतं की चित्रात असंच काढतात.

रद्दीत मिळालेला तिचा एक जुना अंक माझ्याकडे आहे. त्यातल्या एका पानावर मी कितीतरी वेळा भिंग धरलं आहे. तिची कातडी मुख्यतः सायन शाईची, दाट. डोळे म्हणजे शुद्ध पिवळी शाई. केसांचा लाल म्हणजे मॅजेन्टावर पिवळी, दोन्ही भरपूर. बाह्यरेषा काळी. आणि पांढरा पोशाख म्हणजे न छापलेला, कोरा कागद. छापखान्याकडे जेवढं म्हणून होतं, तेवढ्यातच ही बाई उभी आहे. शायांची कालवाकालव जवळजवळ नाही. कॉक्रमने हा हिशेब मांडून केला असं मी म्हणणार नाही. चांगल्या चित्रकाराचा हात अशा जागी आपोआप जातो. पण परिणाम बघा. पानावर वीस माणसं असू देत, ती ठिपक्यांची. डोळा जातो तो हिच्याकडे. सगळ्यात जास्त खोटं बोलणारं पात्र त्या पानावर सगळ्यात निर्भेळ रंगांचं आहे.

तिच्या पोशाखाबद्दलही कमी बोललं जातं. लांब पांढरा झगा, बाजूने वरपर्यंत चिरलेला; हातमोजे, उंच बूट; कमरेला कवट्यांचा पट्टा आणि कपाळावर आणखी एक छोटी कवटी. कवट्या लहान आहेत, दागिन्यासारख्या. जी कुठल्याही वेशात येऊ शकते तिने हा वेश निवडला आहे, हे विसरलं की मग तो नुसता अंगप्रदर्शनाचा झगा होतो. मला तर त्या कपाळावरच्या कवटीत एक ठसका दिसतो. मुळावर यायचं ठरवलं की ती नटून येते.

आपल्या कथांमध्ये रूप पालटणाऱ्या बायका काही कमी नाहीत. शूर्पणखा कामरूपिणी, म्हणजे हवं ते रूप घेणारी. पूतना गोकुळात येते ती लावण्यवतीच्या रूपात, आणि प्राण गेल्यावर तिचा मूळचा अक्राळविक्राळ देह सगळ्यांना दिसतो. पुरुषांत मारीच, सोनेरी हरणाचं रूप बाण लागल्यावर गळून पडतं आणि खाली राक्षस उरतो. या कथांचा साचा पक्का आहे. सुंदर ते सोंग, खरं ते भयंकर, आणि खरं रूप दिसतं ते मरताना, शिक्षा म्हणून. 'मायावी' हा आपला शब्द वापरतानाही हीच समजूत मनात असते. चांगल्या अर्थाने तो क्वचितच वापरतो आपण. मिस्टीक याच्या अगदी उलट उभी आहे. तिची सोंगं साधी, विसरून जावीत अशी. नोकरदार बाई, सैनिक, पहारेकरी. आणि खरं रूप असं की एकदा पाहिलं की विसरणं शक्य नाही. रूप उघड होणं ही तिची फजिती नसते, तिची एन्ट्री असते.

निळ्या कातडीने मराठी माणूस दचकावा असंही काही नाही. देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवरचा कृष्ण निळा असतो, घननीळ हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो, विठोबाला आपण प्रेमाने सावळा म्हणतो. पण हे सगळं देवाला. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द छापून येतोच. गोरं करण्याचं आश्वासन देणाऱ्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द निघायला 2020 साल उजाडलं, आणि आत्ताही दुकानात लोक ते जुन्याच नावाने मागतात. मूर्तीतला काळा रंग डोळे भरून पाहणारे आपण घरातल्या मुलीला डाळीच्या पिठाने घासतो. माझ्या वर्गातल्या त्या पोरीने आईला खडू लावला तो हे सगळं बघून.

आता आक्षेपाकडे येते, कारण तो खोटा नाही. मिस्टीक ही पुरुषांनी पुरुषांसाठी घडवलेली बाई आहे, असं अनेक बायकांचं म्हणणं आहे. तिची कित्येक मुखपृष्ठं पाहिली तर हे नाकारता येत नाही. पाठीचा कणा मोडेल अशी वळणं, एकाच वेळी छाती आणि पार्श्वभाग दोन्ही दिसतील अशी उभी राहण्याची तऱ्हा. शरीरशास्त्र शिकलेल्या कुणालाही ही चित्रं बघताना आपलीच कंबर दुखल्यासारखं होतं. चित्रकार इथे मिस्टीक काढतच नाही. तो नेहमीची बाई काढतो आणि तिच्यात निळा भरतो.

यामागे एक इतिहास आहे आणि तो चीड आणणारा आहे. अमेरिकेत 1954 साली प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड नावाची नियमावली घालून घेतली. बायका वास्तव काढाव्यात, शरीराचा कुठलाही भाग अवास्तव फुगवू नये, असं त्यात स्पष्ट कलम होतं. आणि त्याच नियमावलीत आणखी एक कलम होतं: विकृत लैंगिकता नको, तिची सूचनाही नको. त्या काळी या शब्दांत समलिंगी प्रेम येत असे. आता मिस्टीकचं काय झालं बघा. क्लेअरमॉन्टने तिला एक जोडीदारीण दिली, आयरीन ॲडलर. डोळ्यांनी अंध, पण भविष्य बघणारी, म्हणून डेस्टिनी. त्याच्या मनात असं होतं की एक्स-मेनमधला निळा, शेपटीवाला नाईटक्रॉलर हा या दोघींचाच मुलगा. आयरीन आई, आणि पुरुषाचं रूप घेतलेली मिस्टीक बाप. रूप पालटणाऱ्या बाईबद्दल याहून सुंदर कल्पना मला तरी माहीत नाही. ती छापता आली नाही. दोघींचं नातं आडून, शब्दांच्या फटींतून सांगावं लागलं. नाईटक्रॉलरच्या जन्माची ही हकिकत मार्व्हलने अधिकृतपणे छापली ती 2023 साली.

म्हणजे नियमावलीतलं एक कलम कडक पाळलं गेलं आणि दुसरं सरळ गुंडाळून ठेवलं गेलं. बाईचं अंग वाटेल तसं वळवायला कुणाची आडकाठी नव्हती. तिने दुसऱ्या बाईवर प्रेम करण्याला होती. म्हणून मिस्टीक नजरेसाठी बनवलेली आहे हा आक्षेप मला अर्धाच पटतो. नजरेने तिला वेढलं आहे हे खरं. पण तिच्या कथेत त्या नजरेला पुरून उरणारं जे होतं ते चाळीसेक वर्षं दाबून ठेवलं गेलं, हेही तितकंच खरं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

चित्रपटांनी तिला जगभर नेलं. 2000 सालच्या पहिल्या 'एक्स-मेन'मध्ये रिबेका रोमेनने ती केली. कपडे काढून टाकले आणि त्या जागी खवले आणले. अंगावर सिलिकोनचे शंभराहून अधिक तुकडे चिकटवायचे आणि वरून निळा रंग. रूपसज्जाकार गॉर्डन स्मिथच्या चमूला सुरुवातीला यासाठी आठ-नऊ तास लागत. आठ-नऊ तास उभं राहायचं आणि मग कामाला सुरुवात करायची. या दिसण्याची किंमत एका बाईच्या शरीराने मोजली आहे, हे त्याचं कौतुक करताना लक्षात ठेवायला हवं.

पण पडद्यावर काय घडलं? मला तरी ती नग्न वाटली नाही. सापाला किंवा माशाला आपण नग्न म्हणत नाही तसं. पहिल्या चित्रपटात तिला वाक्यं अगदी मोजकी आहेत आणि त्यातलं एक ती सेनेटर केलीला सुनावते. म्युटंट लोकांची, म्हणजे जन्मतःच अशा शक्ती असलेल्यांची, नोंदणी व्हावी म्हणून कायदा आणू पाहणारा हा माणूस. त्याच्याच मदतनिसाच्या रूपात ती हेलिकॉप्टरमध्ये त्याच्यासमोर बसलेली असते, आणि मग चेहऱ्यावरून, हातांवरून निळे खवले उलटत जातात. ती त्याला सांगते की तुझ्यासारख्यांमुळे मला लहानपणी शाळेत जायची भीती वाटायची. या एका वाक्याने तिच्या अंगावरचा प्रत्येक खवला वेगळा दिसायला लागतो. मग 2003च्या दुसऱ्या चित्रपटात नाईटक्रॉलर तिला विचारतो, तुला कुणासारखंही दिसता येतं, तर मग कायमच तसं का राहत नाहीस? तिचं उत्तर छोटं आहे: तशी वेळच आपल्यावर येता कामा नये.

आणि 2006चा तिसरा. चित्रपट म्हणून तो मला आवडत नाही, पण त्यात माझ्या म्हणण्याचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. आपला नेता, खलनायक मॅग्नेटो याला वाचवताना मिस्टीकला औषधाची सुई लागते आणि तिची शक्ती जाते. निळा रंग ओसरतो. जमिनीवर उरते ती काळ्या केसांची गोरी बाई. म्हणजे रिबेका रोमेन, एके काळची मॉडेल, रंगाशिवाय, खवल्यांशिवाय. बाजाराच्या मापाने पाहिलं तर या क्षणी पडद्यावर सौंदर्य वाढायला हवं. तेच अंग, तीच नटी, आणि आता सगळ्यांना चालेल असा कातडीचा रंग. पण पाहताना पोटात खड्डा पडतो. किती सुंदर होती ती, अशा अर्थाचं बोलून मॅग्नेटो तिला तिथेच टाकून निघून जातो. त्याची कृतघ्नता बाजूला ठेवा. मिस्टीकचं आकर्षण नुसत्या उघड्या अंगात असतं तर या दृश्यात काही हरवलं असं कुणालाच वाटलं नसतं.

2011च्या 'फर्स्ट क्लास'मध्ये हेच फार हळुवारपणे येतं. 1944 साल. पुढे एक्स-मेनचा प्रमुख होणारा लहानगा चार्ल्स झेवियर रात्री आपल्या प्रचंड घराच्या स्वयंपाकघरात येतो, तर फ्रिजपाशी आई. ती त्याच्याशी मायेने बोलते, खायला-प्यायला विचारते, आणि तिथेच त्याला कळतं की ही आई असूच शकत नाही. मग आईच्या जागी उरते एक भुकेली, चोरी करताना पकडली गेलेली निळी मुलगी. चार्ल्सला आनंद होतो. आपण एकटे नाही म्हणून. तो तिला ठेवून घेतो. पुढे 1962 मध्ये, त्याच घरात, मोठी झालेली रेव्हन निळ्या अंगाने त्याच्यासमोर येते, तर हाच चार्ल्स ओशाळतो आणि तिच्या कपड्यांचं विचारतो. वाईट माणूस नाही तो. तिच्यावर प्रेम करतो. पण वाढत्या वयाच्या निळ्या बाईकडे कसं बघायचं हे त्याला माहीत नाही. आपल्याकडे मुलगी बारा-तेराची झाली की घरातले लोक तिच्या दिसण्याबद्दल एकदम दबक्या आवाजात बोलायला लागतात, ते मला इथे ऐकू येतं. मॅग्नेटो मात्र तिला तिच्या रंगात बघतो आणि खूश होतो. ती त्याच्यामागे का जाते, हे समजायला फार अक्कल लागत नाही. खलनायकाच्या बाजूला ती गेली, कारण त्या बाजूला तिला अंग झाकावं लागत नव्हतं.

नंतर मात्र पडदा माघार घेत गेला. 'फर्स्ट क्लास'पासून मिस्टीक करणारी जेनिफर लॉरेन्स मोठी तारका झाली. अंगभर रंगाचा तिला त्रास होत होता, 2014 मध्ये रंगाऐवजी अंगाला घट्ट बसणारा पोशाख आला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणा नटीने आठ तास उभं राहावं असा माझा हट्ट नाही. तक्रार पटकथेबद्दल आहे. 2016च्या चित्रपटात, कथा 1983 मध्ये घडते, मिस्टीक तरुण म्युटंट मुलांची आदर्श झाली आहे. जगाने तिला निळी पाहिली म्हणून झाली आहे. आणि ती चित्रपटभर बराच वेळ सोनेरी केसांच्या गोऱ्या चेहऱ्याने वावरते. कथेत त्याला कारण दिलं आहे, पण खरं कारण पोस्टरवर दिसतं: ओळखीचा चेहरा झाकणं कुणाला परवडत नाही. दुसऱ्या चित्रपटात नाईटक्रॉलरला जे उत्तर तिने दिलं होतं, ते तिच्याकडूनच असं काढून घेतलं गेलं. इतकी शक्ती अंगात असून शेवटी तिलाही स्किन कलरच दिला.

मार्च 2025 मध्ये मार्व्हलने नव्या 'अव्हेंजर्स' चित्रपटातल्या कलावंतांची नावं जाहीर केली, त्यात रिबेका रोमेनचं नाव होतं. ती आता पन्नाशी ओलांडलेली आहे. कॉमिक्समधली मिस्टीक म्हातारी होत नाही. रूप पालटण्याच्या शक्तीमुळे तिचं वय दिसतच नाही, असं कथा सांगते. पडद्यावर पुन्हा तिला संगणकाने पंचवीस वर्षांपूर्वीची करता येईल, आणि तसा मोह होणारच. मला तो निळा रंग तिच्या आत्ताच्या चेहऱ्यावर बघायचा आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्यांत निळा जरा गडद होईल, गळ्यापाशी खवले थोडे सैल पडतील, केसांत कुठे लाल विटलेला असेल. हवं ते वय घेता येणारी बाई हे वय घेऊन आली, असं दिसलं पाहिजे. तसं झालं तर तो एक प्रसंग मी वर्गात दाखवणार आहे, आणि पेटीतला निळा खडू तेवढा आधीच बाहेर काढून ठेवणार आहे.